खेळाडूचा वेळ कोणाचा?



१९७१ चा हंगाम संपल्यावर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या ॲलन पेज यांची निवड केली. तोवर हा मान एकाही बचावपटूच्या वाट्याला आला नव्हता. पुढे १९८२ मध्ये तो चेंडूला नुसती लाथ मारण्याचं काम करणाऱ्या एका किकरलाही मिळाला, १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर यांच्या रूपानं दुसऱ्या बचावपटूला मिळाला. पेज आणि टेलर, अर्धशतकाच्या यादीत बचावपटूंची नावं एवढीच. हेच पेज १९९३ ते २०१५ अशी बावीस वर्षं मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते आणि त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात आणि एका माणसानं दोन आयुष्यं जगली याचं नवल करतात. आधी अंगबळाचं आयुष्य, मग बुद्धीचं. मला ही मांडणी पटत नाही. ती पेज यांच्यावर अन्याय करते आणि खेळाडू या माणसाबद्दलचा आपला एक जुना गैरसमज पक्का करते. माझं म्हणणं असं की पेज यांची कारकीर्द सलग एकच आहे आणि ती सलग आहे ती एका आग्रहामुळे. आपला वेळ, आपलं शरीर आणि आपलं डोकं यांतलं किती संघाला द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी कधीही दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. मैदानावरचा त्यांचा मोठेपणासुद्धा या आग्रहासह उभा राहिला, आणि ते पुराव्यानिशी दाखवता येतं.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून त्यांचं मैदानावरचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. दोन्ही संघांच्या फळ्या एकमेकींसमोर वाकून उभ्या असतात. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चढाईच्या सूत्रधाराकडे, देतो आणि त्या क्षणी सगळं सुरू होतं. पेज यांची जागा बचाव फळीच्या मधल्या भागात, उजव्या बाजूच्या डिफेन्सिव्ह टॅकलची. उंची सहा फूट चार इंच, वजन सुमारे २४५ पौंड, म्हणजे १११ किलो. समोरचे अडवणारे खेळाडू बरेचदा त्यांच्याहून जड असायचे. धक्क्याला धक्का देऊन हा सामना जिंकता येणार नव्हता. पेज यांचं शस्त्र होतं पहिलं पाऊल. चेंडू हलताक्षणी, समोरचा सरळ होण्याआधी, ते दोघांमधल्या फटीत शिरलेले असायचे. समोरच्याचा हात छातीला लागायच्या आत खांदा वळवायचा, अंग अरुंद करायचं आणि क्वार्टरबॅकनं चेंडू फेकण्यापूर्वी त्याला खाली पाडायचं. याला सॅक म्हणतात. कबड्डीत चढाईपटूचे गुण प्रेक्षकांच्या तोंडी असतात, पण कोपरारक्षकानं घोटा कधी धरला हे जाणकारच सांगतात. तसंच इथंही आहे. लीगनं सॅकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९८२ मध्ये. पेज खेळले १९६७ ते १९८१. म्हणजे त्यांच्या मुख्य कामाची अधिकृत वही त्यांच्या निवृत्तीनंतर उघडली. जुन्या नोंदी धुंडाळून अभ्यासकांनी नंतर जो हिशेब लावला त्यात त्यांचे १४८.५ सॅक निघतात. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या २८ किक त्यांनी अडवल्या आणि पंधरा हंगामांत लागोपाठ २१८ सामने एकही न चुकवता खेळले. कार्ल एलर, गॅरी लार्सन, जिम मार्शल आणि पेज या चौघांच्या फळीनं १९६९ च्या १४ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून फक्त १३३ गुण दिले. हा संघ चार वेळा सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोचला आणि चारही वेळा हरला. केवळ अजिंक्यपदं मोजणाऱ्यांना म्हणूनच त्याची थोरवी दिसत नाही.

आता वकिली ही पेज यांना खेळ संपताना सुचलेली सोय होती का, ते पाहू. त्यांचा जन्म १९४५ मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी झाला. पोलाद गिरण्यांचं गाव. याच गावातल्या मोटारींच्या एका शोरूममध्ये १९२० साली व्यावसायिक फुटबॉलची लीग जन्माला आली, आणि याच गावात खेळाचं हॉल ऑफ फेम १९६३ मध्ये उघडलं. त्या इमारतीच्या बांधकामावर शाळकरी वयातले पेज मजुरी करत होते. कृष्णवर्णीय कामगार कुटुंबातल्या मुलाला अशा गावात दोन रस्ते दिसणार, गिरणी किंवा मैदान. पेज यांनी पुढे वारंवार सांगितलंय की वकील व्हावं हे त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. शाळांमधली वंशभेदाची विभागणी घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ च्या मे महिन्यात लागला तेव्हा ते आठ वर्षांचे होते, आणि कायद्यानं काय घडू शकतं याची खूण त्यांना तिथं पटली. नोत्र दाम विद्यापीठात ते राज्यशास्त्र शिकले, १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात खेळले, १९६७ मध्ये व्हायकिंग्जनी त्यांना नवोदित खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्या फेरीत घेतलं. खेळायला लागल्यावर त्यांनी लवकरच एका कायदा महाविद्यालयात नाव घातलं आणि काही आठवड्यांत सोडूनही दिलं. दुसऱ्यांदा ते १९७५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या कायदा शाखेत गेले आणि १९७८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. ही तीन वर्षं त्यांच्या निवृत्तीनंतरची नव्हेत. याच काळात ते दर हंगामाला पूर्ण खेळत होते आणि १९७६ च्या हंगामात संघ चौथ्यांदा सुपर बोलला गेला.

वर्ग आणि मैदान यांच्यामध्ये आणखी एक जागा होती, ती खेळाडूंच्या संघटनेची. १९७० पासून पेज आपल्या संघाचे प्रतिनिधी होते आणि १९७२ ते १९७५ संघटनेच्या कार्यकारिणीवर. त्या वेळचा खेळाडू करार संपल्यावरही मोकळा नसे. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम होता: करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर नव्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि दोघांचं जमलं नाही तर ती किती हे आयुक्त ठरवणार. भरपाईत कोणता खेळाडू द्यावा लागेल हे आधी कळत नसल्यानं नवा संघ सहसा हातच घालत नसे. १९७४ मध्ये खेळाडूंनी संप केला; स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही, ही त्यांची घोषणा होती. संप फसला. पण जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी लीगवर भरलेला खटला चालू राहिला. वादींमध्ये पेज यांचंही नाव होतं. मिनिॲपोलिसच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी ३० डिसेंबर १९७५ रोजी तो नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे असा निकाल दिला. या तारखेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. दोनच दिवसांपूर्वी, २८ डिसेंबरला, त्याच परिसरातल्या ब्लूमिंग्टनच्या मैदानावर व्हायकिंग्ज डॅलसकडून १७–१४ असे हरले होते. शेवटच्या मिनिटात क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक यांनी फेकलेल्या लांब पासला ‘हेल मेरी’ हे नाव पडलं आणि आज अमेरिकेतलं शाळकरी पोरही ते जाणतं. हजारो खेळाडूंच्या पोटापाण्याशी संबंधित असलेला लार्सन यांचा निकाल मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता उरला. कुणी म्हणेल, त्या निकालाचं शेवटी काय झालं? आक्षेप खरा आहे. १९७७ च्या सामूहिक करारात संघटनेनं इतर सवलतींच्या बदल्यात भरपाईची नवी पद्धत मान्य केली आणि खेळाडूंना खरी मोकळीक मिळायला १९९३ उजाडलं. पण १९९३ ची तडजोड ज्या खटल्यातून निघाली त्याचा पाया मॅकी खटल्यानं घातलेला होता, आणि त्या नव्या खटल्यावर नाव होतं तेही एका बचावपटूचं, रेजी व्हाइट यांचं.

माझ्या युक्तिवादाची खरी कसोटी १९७८ च्या शरदात आहे. पेज धावायला लागले होते. पत्नी डायान यांनी धूम्रपान सोडण्यासाठी धावणं सुरू केलं, पेज सोबत गेले आणि त्यांना त्याची गोडी लागली. मैलोन्‌मैल धावल्यानं वजन उतरून २२५ पौंडांच्या आसपास आलं. फळीच्या मध्यावरच्या खेळाडूसाठी हे फारच कमी. प्रशिक्षक बड ग्रँट यांचं मत झालं की पेज आता त्या जागेला पुरे पडत नाहीत. हंगामाच्या मध्यात संघानं त्यांना मोकळं केलं. लीगच्या नियमानुसार असा खेळाडू उचलण्याची फी होती १०० डॉलर. शिकागो बेअर्सनी ती भरली आणि सात वर्षांपूर्वीचा सर्वांत मौल्यवान खेळाडू १०० डॉलरला शिकागोला गेला. ग्रँट यांची बाजू मी हलक्यात घेत नाही. चार वेळा सुपर बोल गाठणारा तो प्रशिक्षक होता. संघ कशावर चालतो हे त्यांना कळत होतं. खेळाडूला पगार मिळतो तो विशिष्ट कामासाठी तयार शरीर ठेवण्याबद्दल, आणि ते शरीर त्यानं स्वतःच्या आवडीसाठी बदललं तर संघानं काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तत्त्वचर्चेत न शोधता मी आकड्यांत शोधतो. व्हायकिंग्जसाठी १६० सामन्यांत पेज यांचे १०८.५ सॅक, म्हणजे सामन्यामागे ०.६८. बेअर्ससाठी, तेहतिशी ओलांडलेल्या वयात आणि वीस पौंड कमी वजनानं, ५८ सामन्यांत ४०, म्हणजे सामन्यामागे ०.६९. हे आकडे मागाहून जुळवलेले आहेत हे मी सांगितलंच. शिवाय १९७८ पासून पासला पोषक नियम आले, संघ जास्त चेंडू फेकू लागले, त्यामुळे सॅकची संधीही वाढली. पण त्याच नियमांनी अडवणाऱ्यांना हात पसरून रोखण्याची मुभाही दिली. शिकागोत बडी रायन बचावाचे सूत्रधार होते, व्हायकिंग्जमध्ये त्यांनी पेज यांना जवळून हाताळलं होतं आणि हलक्या, चपळ माणसाचा उपयोग कसा करायचा हे ते जाणत होते. हे सगळं वजा केलं तरी एवढं नक्की उरतं की धावण्यानं पेज यांचा खेळ संपला नव्हता. ज्या पहिल्या पावलावर त्यांचा खेळ उभा होता ते पाऊल वजनाचं मिंधं नव्हतं. १९७९ मध्ये त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना असं करणारे ते पहिले खेळाडू. त्याच वर्षी त्यांनी एका फर्ममध्ये वकिलीही सुरू केली आणि आणखी तीन हंगाम खेळले.

इथं आपल्या परंपरेतला सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो. साधना एकाग्र असावी लागते, असं आपण मानतो. गवयानं रियाजाशिवाय दुसरं काही करू नये, पहिलवानानं तालमीबाहेर लक्ष घालू नये, ही आपली शिकवण. पेज यांनी अभ्यास, संघटना आणि खटले बाजूला ठेवले असते तर ते याहून मोठे खेळाडू झाले नसते का? या आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे: लक्ष ही ठरावीक मापाची वस्तू आहे आणि एकीकडे दिलं की दुसरीकडे कमी पडतं. पेज यांच्या बाबतीत काळाचा क्रम पाहा. संघटनेचे प्रतिनिधी झाले १९७० मध्ये, सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले १९७१ मध्ये. कार्यकारिणीवर असताना आणि वादी असतानाही दरवर्षी त्यांची निवड प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, होत राहिली. १९६८ ते १९७६ अशी सलग नऊ वर्षं. एकाग्रतेचा आग्रह धरणारे आणखी एक फरक विसरतात. गवयाचा रियाज त्याच्या स्वतःच्या विद्येसाठी असतो आणि ती साठाव्या वर्षीही त्याच्याजवळ राहते. व्यावसायिक फुटबॉलपटूची एकाग्रता मात्र दुसऱ्याच्या धंद्यात गुंतवलेली असते आणि तो धंदा त्याला तिशीच्या आसपास दाराबाहेर ठेवतो. साधना म्हणून जिचा आपण गौरव करतो ती गोष्ट इथं एका करारातलं कलम आहे. तिच्यापुढे सगळं आयुष्य वाहून टाका असं तरुण खेळाडूला सांगणं मला क्रूर वाटतं.

हे क्रौर्य पेज यांनी जवळून पाहिलं होतं. १९८८ मध्ये, ज्या इमारतीच्या उभारणीत त्यांचे हात लागले होते त्याच हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा जुना प्रशिक्षक किंवा सहकारी बोलावतात. पेज यांनी मिनिॲपोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना बोलावलं, आणि सॅक किंवा सुपर बोल यांऐवजी आपलं बरंचसं भाषण शिक्षणावर केलं. संघाच्या बैठकीत खेळाची पुस्तिका मोठ्यानं वाचायची वेळ आली तेव्हा कॉलेजातून आलेल्या काही सहकाऱ्यांना ती धड वाचता येत नव्हती, हे त्यांना कधी विसरता आलं नाही. जरा थांबून विचार करा. ही माणसं शाळेतून पुढच्या वर्गात गेली, विद्यापीठात गेली, स्टेडियम भरवणारी झाली, आणि वाटेत एकाही संस्थेनं त्यांना वाचायला शिकवलं नाही, कारण त्यांच्या शरीराचं काम अडत नव्हतं. पेज दांपत्यानं त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. मिनेसोटातल्या गौरेतर विद्यार्थ्यांना ते उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं, आणि अट घालतं की शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं शाळेतल्या लहान मुलांना शिकण्यात मदत करायची. ही अट मला फार मोलाची वाटते. पाचवी-सहावीतल्या मुलासमोर येणारा आदर्श चेंडू घेऊन नाही, पुस्तक घेऊन येतो.

आता न्यायालयाकडे वळू, कारण तिथं सर्वांत टोकदार आक्षेप आहे. मिनेसोटात न्यायमूर्ती निवडणुकीनं येतात. एका गाजलेल्या खेळाडूला मतं मिळणारच, मग त्यात कर्तृत्व ते काय? नावाचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाव हाच जर रस्ता असता तर तो १९८१ मध्येच मोकळा होता. पेज यांनी काही वर्षं खासगी फर्ममध्ये आणि १९८५ पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात काम केलं. १९९२ मध्ये ज्या जागेसाठी ते उभे राहू पाहत होते तिथल्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपाल आर्नी कार्लसन यांनी वाढवली आणि निवडणूकच टळली. पेज यांनी राज्यपालांवर दावा लावला आणि जिंकला. निवडणूक घ्यावी लागली, आणि ते निवडून आले. त्यानंतर तीन वेळा, १९९८, २००४ आणि २०१० मध्ये, मतदारांनी त्यांना पुन्हा पाठवलं. २००८ च्या अमेरिकन सिनेटच्या निवडणुकीत सुमारे २९ लाख मतांमधून उमेदवार अल फ्रँकन यांची आघाडी शेवटी ३१२ मतांवर आली आणि वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. सरन्यायाधीश आणि आणखी एक न्यायमूर्ती मतमोजणीच्या मंडळावर बसलेले असल्यानं बाजूला झाले. अध्यक्षस्थान ज्येष्ठ न्यायमूर्ती म्हणून पेज यांच्याकडे आलं. ३० जून २००९ रोजी पाचही न्यायमूर्तींनी एकमतानं फ्रँकन यांच्या बाजूनं निकाल दिला आणि पराभूत उमेदवार नॉर्म कोलमन यांनी तो त्याच दिवशी मान्य केला. सगळ्या देशाचं लक्ष लागलेल्या प्रकरणात न्यायालयावर शंका राहिली नाही, हे केवळ गाजलेल्या नावानं साधत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. पेज अपवाद आहेत. एका अपवादावरून नियम कसा काढायचा? पंधरा वर्षांत ते एकाही सामन्याला मुकले नाहीत. त्यांच्या शरीरावर दिसणारी मोठी खूण म्हणजे सांधा निखळून काटकोनात बाहेर वळलेली करंगळी, जिच्यावर त्यांनी मुलगी कॅमी हिच्यासोबत लहान मुलांसाठी पुस्तकही लिहिलं. त्यांच्याच पिढीतल्या कितीतरी बचावपटूंच्या मेंदूला त्या खेळानं कायमची इजा केली. ज्याची स्मृतीच गेली तो कायदा कसला शिकणार? म्हणून पेज यांच्याकडे बोट दाखवून ‘त्यांनी केलं, तुम्ही का नाही’ असं इतर खेळाडूंना विचारणं अन्यायाचं होईल, आणि ते मी करत नाही. पेज यांनीही ते केलेलं नाही. आपल्याला जे मिळालं ते हक्कानं सगळ्यांना मिळावं, असाच त्यांचा रोख राहिला: खेळाडूच्या वतीनं लढताना कराराबाहेरची मोकळीक, आणि मुलांच्या वतीनं लढताना शाळा. वयाची सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर नियमानुसार ते न्यायासनावरून उतरले. २०१८ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळालं, त्या दिवशी त्याच मंचावर पदक घ्यायला ‘हेल मेरी’ फेकणारे स्टॉबाकही होते. २०२० च्या जानेवारीत, मिनिॲपोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्कारी यांच्यासह, पेज यांनी मिनेसोटाच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. १८५७ पासूनच्या मजकुरात सरकारी शाळांची एकसारखी व्यवस्था उभारणं हे विधिमंडळाचं कर्तव्य म्हटलेलं आहे. त्याजागी दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क असावा, अशी त्यांची मागणी. शिक्षकांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला: जुन्या मजकुरातलं कर्तव्य सैल होईल आणि सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळेल, अशी तिची भीती. ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच राज्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणातलं अंतर पिढ्यान्‌पिढ्या मिटलेलं नाही, आणि विधिमंडळाचं कर्तव्य या सबंध काळात कागदावर होतंच. हक्क असला की पालकाला न्यायालयात उभं राहता येतं. १९७५ मध्ये खेळाडूंना आणि १९९२ मध्ये स्वतः पेज यांना जसं राहता आलं. विधिमंडळात ती सूचना अडली. मतदारांपुढे ती जावी, आणि शिक्षकांच्या शंकांची उत्तरं तिच्या मजकुरातच घालून जावी, असं माझं मत आहे.